झाड दारात, त्रास एकाच्याच घरात

वाचकाचा प्रश्न : पुण्यातल्या 24 बिऱ्हाडांच्या एका जुन्या सोसायटीच्या सचिव (वय 46) लिहितात की, 1980 च्या दशकात इमारत झाली तेव्हा फाटकाजवळ लावलेलं रेन ट्रीचं झाड आता तिसऱ्या मजल्याच्या वर गेलं आहे. मागच्या पावसाळ्यात त्याची एक फांदी उभ्या गाडीवर पडली. तळमजल्यावर राहणाऱ्या, सत्तरी ओलांडलेल्या काकांनी झाड तोडण्याचा ठराव आणला असून बऱ्याच सभासदांचा त्याला पाठिंबा आहे. कुणाला भीती वाटते, कुणाला पार्किंग हवंय, कुणी कचऱ्याला कंटाळलंय. एका तरुण सभासदाचं म्हणणं, झाड विदेशी आहे, त्याऐवजी दहा देशी रोपं लावू. ‘परवानगी छाटणीची काढू, मग कोण बघतंय,’ असंही कुणी सुचवलंय. सभा तीन आठवड्यांवर आली आहे. सचिवबाईंना झाड ठेवायचंय, पण उद्या काही बरंवाईट झालं तर खापर आपल्यावर फुटेल, ही धास्ती आहे. झाडाची किंमत रुपयांत सांगणारं, सगळ्यांचं तोंड बंद करणारं एक पत्रक त्यांनी मागितलं आहे. ता. क. मध्ये एकच ओळ आहे : गेल्या जुलैत काकू झाडाखाली घसरून पडल्या, मनगट मोडलं, ‘तेव्हापासून काका त्या झाडावर चिडून आहेत.’

उत्तर :

ताई, चार पानी पत्रातली सगळ्यात कामाची ओळ तुम्ही ता. क. मध्ये टाकलीत. तिच्याकडे येतेच. आधी पत्रकाचं बघू.

पत्रक मी लिहून देऊ शकते. आकड्यांना तोटा नाही. 1979 साली कलकत्ता विद्यापीठातल्या प्रा. तारकमोहन दास यांनी पन्नास वर्षं जगलेल्या झाडाच्या सेवेचं मोल 15 लाख 70 हजार रुपये काढलं होतं. ते तेव्हाचे पंधरा लाख. अलीकडचं हवं असेल तर सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीचा अहवाल 2021 मध्ये समोर आला. एका झाडाचं मोल वर्षाला 74,500 रुपये, गुणिले त्याचं वय, असा त्यांचा हिशेब. तुमचं झाड चाळीस वर्षांचं धरलं तर तीस लाखांना वीस हजार कमी. छापा आणि लावा फलकावर.

पण त्या समितीपुढचं प्रकरण काय होतं, तेही ऐका. पश्चिम बंगालमध्ये जेसोर रोडवर रेल्वेवरच्या पुलांसाठी 356 झाडं जाणार होती. ती तोडावीत का, याच प्रश्नातून हा हिशेब निघाला. आणि फेब्रुवारी 2023 मध्ये त्याच न्यायालयाने त्यातली तीनशेहून जास्त झाडं तोडायला मुभा दिली. किंमत ठरली, सगळ्या देशाच्या वर्तमानपत्रांत छापून आली, आणि झाडांना तिचा उपयोग झाला नाही. तुमच्या सभेतही तसंच व्हायची शक्यता मला जास्त वाटते. तीस लाख ऐकून लोक ‘वा’ म्हणतील आणि हात ठरावाच्या बाजूने वर करतील. कारण ते तीस लाख कुणाच्याच पासबुकात दिसत नाहीत. गाडीच्या काचेवरचा चिकटा मात्र रोज सकाळी दिसतो.

आणि ताई, ऑक्सिजनवर फार भर देऊ नका. मोबाइलवर फिरणाऱ्या संदेशांमुळे आपल्याला वाटतं की झाड म्हणजे दारातला ऑक्सिजनचा सिलिंडर. हवेत 21 टक्के ऑक्सिजन आहे. तुमचं झाड गेलं म्हणून तुमच्या आवारात कुणाला धाप लागणार नाही, आणि सभेतला एखादा चौकस माणूस हे बोलून तुमचं सगळंच म्हणणं निकालात काढेल. शहरातल्या झाडाचं खरं काम सावलीचं आणि गारव्याचं. पान मुळांकडून आलेलं पाणी वाफ करून सोडतं, त्या वाफेबरोबर उष्णता जाते. मोठं झाड उन्हाळ्यात दिवसाला शेकडो लिटर पाणी असं उडवतं. उलट सिमेंटचे ब्लॉक दिवसभर तापतात आणि रात्री दहा वाजेपर्यंत ती धग तुमच्या खिडक्यांत सोडत बसतात. हे सांगायला आकडा कशाला लागतो? सभा दुपारी दोनला ठेवा, आवारातच, आणि सगळ्यांना चपला काढून फाटकापासून मागच्या पार्किंगपर्यंत चालायला लावा. (सभा संध्याकाळी ठेवायचा आपला रिवाज झाडांना फार महागात पडतो, असं माझं जुनं मत आहे.)

आता काका. तुमच्या पत्रात ते ‘झाडाचे शत्रू’ म्हणून येतात. मला ते तसे दिसत नाहीत. सावली कुणाला मिळते ते बघा : पहिल्या आणि दुसऱ्या मजल्यावरच्या पश्चिमेच्या खोल्यांना, फाटकाशी उभ्या राहणाऱ्या इस्त्रीवाल्याला, शाळेच्या रिक्षाची वाट बघणाऱ्या पोरांना, रस्त्याने जाणाऱ्या कुणालाही. थोडी थोडी, सगळ्यांना. आणि त्रास? पाला काकांच्या दारात, मुळांनी उचललेला ब्लॉक काकांच्या पायरीशी, पन्हळ तुंबून भिंतीला येणारी ओल काकांच्या बैठकीच्या खोलीत. पडल्या त्याही काकूच. सावली चोवीस घरांची आणि त्रास एका घराचा. बाकीचे तेवीस जण झाडाच्या मोलाबद्दल बोलायला लागले की त्या एका घराला काय वाटत असेल?

शहरांतली बरीच झाडं अशीच जातात. त्यांचा फायदा वाटला गेलेला असतो, म्हणून कुणाच्याच लक्षात येत नाही. त्रास एका जागी साठलेला असतो, म्हणून एक माणूस चिकाटीने अर्ज करत राहतो. तेव्हा तोंड बंद करण्याच्या फंदात न पडता तो साठलेला त्रास सगळ्यांत वाटून घ्या. म्हणजे काय करायचं? काकांची पन्हळ पावसाळ्यात दर पंधरा दिवसांनी सोसायटीच्या खर्चाने साफ होईल. भिंतीची ओल सोसायटी दुरुस्त करेल. फाटकापासून त्यांच्या पायरीपर्यंत हाताला धरायला कठडा बसेल. झाडलोट सकाळी साडेसहाला होईल, नऊला नाही. मेंटेनन्समध्ये माणशी किती वाढतील ते खजिनदारांना काढू द्या. ही रक्कम ऐकून जे कुरकुरतील, त्यांनाही सावली नेमकी किती हवी आहे ते त्यांचं त्यांना समजेल.

काकू कशावरून घसरल्या, हे विचारलंत का कुणी? रेन ट्रीच्या शेंगांचा मोठा सडा पडतो तो उन्हाळ्यात. काळपट, चपट्या, टायरखाली चिरडल्या की गुळासारख्या चिकट. जुलैत सावलीतल्या ब्लॉकवर असतं ते शेवाळ. शेवाळाला सावलीची साथ असते हे खरंच आहे, पण ते तारेच्या ब्रशने घासून निघतं आणि तेवढ्या पट्ट्यात खरखरीत फरशी बसवली की पाय धरतो. दहा-बारा फुटांचं काम आहे. झाड तोडून ती जागा उन्हात सुकवण्यापेक्षा स्वस्त.

दवाखान्याच्या खिडकीतून झाडं दिसणारे रुग्ण, विटांची भिंत दिसणाऱ्यांपेक्षा लवकर घरी गेले आणि त्यांना तीव्र वेदनाशामकंही कमी लागली, असा अमेरिकेतल्या रॉजर उलरिच यांचा 1984 चा प्रसिद्ध अभ्यास आहे. पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेले 46 रुग्ण त्यांनी तपासले होते. अभ्यास मोलाचा आहे. फक्त तो घेऊन काकांकडे जाऊ नका. ज्या झाडाखाली बायकोचं मनगट मोडलं त्याच झाडाने ती लवकर बरी होईल, हे ऐकून मीसुद्धा तुम्हाला दार दाखवेन.

भीतीचं मात्र गंभीरपणे घ्यायला हवं. झाडं पडतात आणि माणसं जातात. 2017 मध्ये चेंबूरला नारळाचं झाड कोसळून सकाळी फिरायला निघालेली एक स्त्री गेली. ‘आमचं झाड पडणार नाही’ असं छातीठोकपणे तुम्ही म्हणू नका, मीही म्हणत नाही. ते तपासायचं असतं.

पहिली तपासणी तुमची तुम्हीच करा, सकाळच्या उजेडात, घाई न करता. खोड पूर्वीपेक्षा कललंय का, जुना एखादा फोटो काढून ताडून बघा. कललेल्या बाजूच्या विरुद्ध अंगाला जमिनीला भेग आहे का? बुंध्याशी आळंबी उगवलीय का? ती दिसली तर आत कुजायला लागलंय असं समजा. मुठीने ठोकल्यावर कुठे पोकळ वाजतंय का? दोन जाड फांद्या जिथे फुटतात तिथे मधे साल दबून चीर गेलीय का? वर पानं नसलेल्या वाळक्या फांद्या किती? खोडावर जाहिरातीचे खिळे, दिव्यांच्या माळांच्या तारा रुतल्या असतील तर त्याही टिपून ठेवा. मग उद्यान विभागाला पत्र देऊन पाहणी मागवा आणि जमल्यास झाडांच्या प्रकृतीची जाण असलेल्या एखाद्या स्वतंत्र वनस्पतितज्ज्ञालाही पैसे देऊन बोलवा. झाड धोकादायकच निघालं, तर ते रीतसर परवानगीने काढायला लागेल आणि तेव्हा मी तुमच्या बाजूने रडेन, पण काढू नका म्हणणार नाही.

आणि खाली वाकून बुंध्याशी बघा. ब्लॉक अगदी सालीपर्यंत भिडवलेत ना? आमच्या गल्लीत एक गुलमोहर होता. जूनच्या एका रात्री, वारा नावाला नसताना, तो आडवा झाला. सकाळी सगळे ‘म्हातारा झाला होता’ म्हणत फोटो काढत होते. मी उघडी पडलेली मुळं बघत उभी राहिले. एवढ्या मोठ्या झाडाला जमिनीत धरून ठेवणारा गड्डा जेमतेम आमच्या जेवणाच्या टेबलाएवढा होता. एका बाजूची मुळं तर सरळ रेषेत कापलेली, पाव सुरीने कापावा तशी. आदल्या वर्षी तिथून केबलसाठी चर खणला होता. उरलेल्या बाजूंना फरशी होती, तिच्याखाली कोरडी ठाक माती. झाड वयाने पडलं नव्हतं. त्याचे पाय आम्हीच कापले होते, आणि मग ते उभं राहत नाही म्हणून त्यालाच नावं ठेवत होतो.

झाडाची बहुतेक मुळं वरच्या दोन-अडीच फुटांतच पसरलेली असतात, आणि ती फांद्यांच्या घेराच्या पलीकडेही जातात. त्यांना हवा लागते, पाणी लागतं. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने 2013 मध्ये दिल्लीच्या प्रकरणात झाडांभोवतीचं एक मीटर काँक्रीट काढायला सांगितलं होतं. तुमच्या झाडाच्या आकाराला एक मीटर कमीच आहे. दीड-दोन मीटरपर्यंतचे ब्लॉक हाताने उचला, पहारीने मुळं दुखवू नका, आणि तिथे त्याचाच वाळका पाला पसरा. फक्त हौसेने सिमेंटचा पार बांधून खोडाशी दोन फूट मातीचा भराव टाकू नका. पार दिसायला छान दिसतो, पण मातीत गाडलेली साल कुजते आणि खालची मुळं गुदमरतात. वडापिंपळाला जे चालतं ते सगळ्यांना चालत नाही.

छाटणीबद्दल. तुमच्याकडे येणारा कंत्राटदार म्हणेल, ‘वरून बोडकं करून टाकतो, पाच वर्षं बघायला नको.’ त्याला चहा पाजून परत पाठवा. शेंडे उडवलेल्या झाडाला त्या जखमांच्या कडेने झुपकेच्या झुपके फुटतात. त्या फांद्या भराभर वाढतात, पण त्यांची पकड वरवरची असते. तीन-चार वर्षांनी त्याच गाड्यांवर पडतात. विजेच्या तारांसाठी एकाच अंगाची छाटणी केली की तोल जातो, तो प्रकार वेगळाच. वाळक्या आणि धोक्याच्या फांद्या काढायच्या, बाकीचं थोडं विरळ करायचं. एका वेळी पावभागाहून जास्त हिरवं जाता कामा नये. जाड फांदी कापताना आधी खालून अर्धवट छेद, मग थोडं पुढे वरून, आणि शेवटी खोडालगतच्या फुगीर कड्याला धक्का न लावता उरलेला खुंट. एकदम वरून कापली तर फांदी आपल्या वजनाने खोडाची साल सोलत खाली येते. पावसाच्या आधी करा आणि वर घरटी आहेत का ते बघून करा. विरळ केलेल्या झाडातून काकांच्या दारात ऊनही पोचेल आणि शेवाळ कमी होईल.

पार्किंगचा मुद्दा सभेत सगळ्यात हळू आवाजात येईल आणि मतं सगळ्यात जास्त तोच खाईल. त्याला एकच प्रश्न विचारा : झाड गेल्यावर तिथे किती गाड्या बसतील, आणि त्या कुणाच्या? तुम्ही लिहिता, जागा फार तर तीन गाड्यांची होईल. मागणारे किती आहेत? ही वाटणी झाड तोडायच्या आधी कागदावर करून मागा. माझा अंदाज, त्या दिवशी झाडाला आठ-दहा नवे मित्र मिळतील.

त्या देशी झाडांवाल्या मुलाशी मात्र प्रेमाने बोला, तो उद्या तुमच्या उपयोगी पडणार आहे. त्याचं बरोबर आहे, रेन ट्री मध्य आणि दक्षिण अमेरिकेतला, एकोणिसाव्या शतकात इकडे आला. आज नवीन झाड लावायचं असेल तर मीही ताम्हण, करंज, बहावा, कदंब यांतलंच काही सुचवेन. पण मिरची, बटाटा आणि टोमॅटोही तिकडचेच. काकूंच्या फोडणीतली मिरची कुणी परत पाठवायला निघालं नाही अजून. नवीन लावताना देशी लावणं वेगळं आणि चाळीस वर्षं उभं असलेलं कापणं वेगळं. पुण्यामुंबईत बगळे आणि रातबगळे याच झाडांवर वसाहती करतात, ते झाडाचा दाखला मागत नाहीत. दहा रोपांची सावली एकत्र केली तरी आज तिच्यात एक स्कूटर बसणार नाही. त्याला सांगा, दहा नको, दोन लाव, मागच्या भिंतीशी, आणि तीन उन्हाळे पाणी घाल. रेन ट्री कधीतरी जाईलच. तेव्हा ती दोन तयार असतील.

कायद्याचं थोडक्यात. महाराष्ट्रात शहरी भागासाठी 1975 चा झाडांचं संरक्षण आणि जतन करण्याचा कायदा आहे. झाड खासगी आवारात असलं तरी वृक्ष अधिकाऱ्याच्या परवानगीवाचून तोडता येत नाही. सोसायटीचा ठराव म्हणजे परवानगी नव्हे, भले तो एकमताने होवो. आणि या कायद्यात ‘तोडणं’ या शब्दात जाळणं आणि कोणत्याही प्रकारे इजा करणंही येतं. म्हणजे छाटणीच्या नावाखाली बुंधा उरवणं, मुळाशी मीठ किंवा ॲसिड ओतणं, सगळं त्यात आलं. 2021 च्या दुरुस्तीनंतर पन्नास वर्षांचं झाड ‘हेरिटेज’ ठरतं, आणि तोडलेल्या झाडाचं जितकं वय तितकी नवी झाडं लावायची अट आहे. तुमची चाळीस रोपं कुठे लावणार, हे ठराव मांडणाऱ्यांनी सभेत सांगावं. ‘कोण बघतंय’ म्हणणाऱ्याला उत्तर द्यायची गरज नाही. त्याचं वाक्य फक्त इतिवृत्तात नावासकट लिहू का, एवढं विचारा.

तुमच्या खापराचं. तुम्ही असं धरून चाललाय की झाड ठेवायचं म्हटलं की जबाबदारी तुमची एकटीची. जबाबदारी समितीची आहे, आणि ती पार पाडल्याचे कागद असले की निम्मी धास्ती जाते. दरवर्षी पावसाआधी पाहणी, फोटो, उद्यान विभागाला पत्र, त्याची पोच, छाटणीची पावती, सगळं एका फाइलीत. वादळाचा इशारा असेल त्या दिवशी झाडाखालच्या गाड्या हलवायची सूचना फलकावर आणि ग्रुपवर. गाड्यांचे विमे सर्वसमावेशक आहेत का, ते ज्याचं त्याला बघायला सांगा. झाड पडून झालेलं नुकसान सहसा त्यात बसतं. मागच्या वर्षीच्या गाडीचा काच-पत्र्याचा खर्च कुणी दिला, हे तुम्ही लिहिलं नाही. त्या माणसाने एकट्याने सोसला असेल, तर काकांनंतर त्याच्याकडे जा.

पाल्याचं कोपऱ्यात खत होतं. रेन ट्रीची पानं बारीक, लवकर कुजतात. जास्तीचा पाला ज्यांना हवा त्यांच्यापर्यंत पोचवणारा ‘ब्राउन लीफ’सारखा उपक्रम पुण्यातच आहे. जाळू नका एवढंच.

उद्यान विभागाचं पत्र उद्या सकाळीच क्षेत्रीय कार्यालयात द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. तीन आठवडे हां हां म्हणता जातात. काकांकडे मात्र आज संध्याकाळीच जा. कागद, पत्रक, फाइल काही नेऊ नका, ठरावाचा विषयही काढू नका. काकूंना हात कसा आहे ते विचारा आणि नेमक्या कुठे पाय घसरला ती जागा दाखवायला सांगा. साडेसहाच्या सुमाराला गेलात तर रेन ट्रीची पानं मिटायला लागलेली असतील आणि वरून उजेड येत असेल, जागा नीट दिसेल.